झेलावा घराणे, साठ ओळी

भटू पोस्टमनने सायकलवरून न उतरताच पाकीट आत भिरकावलं आणि ते ओट्यावरून घसरत जाऊन कलाबाईच्या सुपाला टेकलं. दाराला पाटी नव्हती, पण भटूचं त्यावाचून कधी अडलं नाही. चार वर्षांपासून तिथे नुसते दोन खिळे होते, आणि जळगावच्या त्या कॉलनीत पाटी नसलेलं घर म्हणजे बिऱ्हाडे सरांचं, एवढी खूण सगळ्यांना पुरत होती. रुपचंदने पाकीट उचलून हातात तोललं. चांगलं जाडजूड होतं. ज्ञानकोशाच्या कार्यालयाचा शिक्का पाहूनही त्याला आठवेना की या लोकांचं आपल्याकडे काय काम असावं. मग आठवलं, आणि आठवल्यावर धड हसूही आलं नाही. सात वर्षांपूर्वी पाठवलेली नोंद आता छपाईला निघाली होती. दरम्यान रुपचंद निवृत्त झाला होता, डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून झाला होता, मुलगा गेला होता. कोश मात्र आपल्या चालीने स्वरांवरून व्यंजनांवर, क वरून च वर असा येत येत शेवटी झ ला पोचला होता. झेलावा घराणे, पोलंड, तेरावे ते सतरावे शतक, साठ ओळी.

ही नोंद त्याच्या वाट्याला आली त्याचीही एक गंमतच होती. चौऱ्याऐंशी साली कोशाने कॉलेजाकॉलेजांत पत्रं धाडली. ज्याला जो विषय हवा त्याने तो कळवावा, असं त्यात होतं. पुण्यामुंबईच्या मंडळींनी मोठमोठे राजे, लढाया, तह सगळं आधीच वाटून घेतलं होतं. जळगावपर्यंत यादी आली तेव्हा तिच्यात ताटात शेवटी उरतं तेवढंच उरलं होतं. इंग्रजी शिकवणारा मगन पाटील यादी वाचून म्हणाला होता, "सर, हे घ्या. पोलंडचे पाटील. कोणी चूक काढायला येणार नाही." रुपचंदने घेतलं. खरं कारण त्याने मगनला सांगितलं नाही. कोशात नोंदीखाली लेखकाचं नाव छापतात. आर. सी. बिऱ्हाडे. यावलकडच्या एका खेड्यात वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या चिंधा झिपरू बिऱ्हाडेचा मुलगा जाडजूड ग्रंथात बारीक टायपात कायमचा जाऊन बसणार, एवढा लोभ त्याला पुरेसा होता. मग पुण्याहून दोन ठोकळे पुस्तकं आली, महिनाभराच्या बोलीवर. दाढी करताना आरशासमोर तो एकेक नाव जिभेवर बसवू लागला. यान. मार्चिन. स्तानिस्वाव. नावं दाताखाली यायची, पण सवय झाल्यावर आवडू लागली. नदीकाठच्या एका चौकीवर पहारा करणारा यान, त्याला राजाने दिलेली तीन गावं, ढालीवर एक वल्हं आणि दोन तारे. त्याचे पाच मुलगे, त्यांच्या वाटण्या, वाटण्यांवरून भांडणं. एक बिशप झाला, एक दारूत गेला, दोघांनी एकमेकांच्या गवताच्या गंजी पेटवल्या. दर पिढीला गाव कमी होत गेलं आणि ऐट तेवढीच राहिली. शेवटी स्तानिस्वाव, जवळ एक पाणचक्की, एक घोडा आणि लिव्हरचं दुखणं. सोळाशे बेचाळीस साली तो मेला. 'आणि घराणे निर्वंश झाले.' हे वाक्य रुपचंदने लिहिलं तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. चार शतकं साठ ओळींत बसवून त्यांचा दरवाजा नीट ओढून घेतल्यासारखं वाटलं होतं.

पाकिटात मुद्रितं होती, त्याचं मूळ हस्तलिखित होतं आणि एक टंकलिखित चिठ्ठी होती. चिठ्ठी लिहिणाऱ्याला कुठलीच घाई नव्हती, रागही नव्हता. हस्तलिखिताच्या सातव्या पानावर 'घराणे निर्वंश झाले' या विधानाशेजारी समासात पेन्सिलने 'मग मुलगी?' असे दोन शब्द आढळतात. हे टिपण आपले आहे काय? असल्यास खुलासा करावा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मूळ मजकूर कायम समजण्यात येईल. रुपचंदने सातवं पान काढलं. ओट्यावर ऊन होतं, तरी त्याने पान आणखी उजेडाकडे धरलं. पेन्सिल पुसट झाली होती, पण गेली नव्हती. म ची गाठ आधी भरून मग दांडी ओढायची खोड या घरात एकीलाच होती. पाटीवर शिकवतानाच ती त्याने मोडायला हवी होती, तेव्हा कौतुक केलं. सगळी नोंद लेकीच्या, विशाखाच्याच अक्षरात होती. त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, म्हणून स्वच्छ प्रत करायचं काम नेहमी तिचं. पंच्याऐंशीचा मे महिना, तिचं लग्न ठरलेलं, अंगावर हळद चढायला जेमतेम तीन आठवडे, आणि ती जेवणाच्या पाटावर कागद ठेवून पोलंडचे पाटील उतरवत बसली होती. तो येरझारा घालत सांगत होता, ती लिहीत होती. मध्येच तिने पेन थांबवलं होतं. "नाना, वर तर तुम्ही म्हणालात त्याला मुलगी होती. दोरोता. मग निर्वंश कसं?" आणि तो चालता चालता म्हणाला होता, "इतिहासात तसंच म्हणतात. तू उतरव." तिने उतरवलं. पण पेन खाली ठेवून पेन्सिल उचलली असणार. ती केव्हा उचलली, ते त्याने पाहिलं नव्हतं. सात वर्षं ते दोन शब्द कुठल्याशा कपाटात गठ्ठ्याखाली पडून होते, आणि आता सरकारी भाषेत त्यालाच विचारायला परत आले होते.

"काय आलं?" कलाबाईने सूप खाली ठेवत विचारलं.

त्याने पान तिच्यापुढे धरलं. ती चौथी शिकलेली, जोडाक्षर आलं की थांबणारी. पण या दोन शब्दांत जोडाक्षर नव्हतं. तिने वाचलं आणि पदराने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"आपल्या विशीनं लिहेल दिसते."

"हो."

"मंग द्या ना उत्तर."

"कला," तो म्हणाला, "ती चार वर्षांत एकदाही का आली नाही?"

कलाबाईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. खडा वेचून ओट्याखाली टाकला, मग दुसरा. "मी काय सांगू तुम्हाले," ती म्हणाली. "तुम्ही शिकेल मानूस. मले वाटे, तुम्हाले ठाऊकच असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धुळ्याच्या बसमध्ये बसला तेव्हा पिशवीत ते पाकीट होतं आणि वर कलाबाईने दिलेली केळ्याच्या वेफर्सची पुडी. बस भरलेली होती, पण म्हाताऱ्या मास्तराला खिडकी मिळाली. गिरणेच्या पुलावर गार वारा लागला, फेब्रुवारी होता, नदीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त. केळीचे घड लादलेले ट्रक समोरून येत आणि बस डांबरावरून खाली उतरून त्यांना वाट देई. रुपचंद दमलेला होता. काल संध्याकाळपासून हा थकवा त्याच्या खांद्यांत बसला होता आणि झोपेनेही तो उतरला नव्हता. आपल्याला ठाऊकच असेल, असं कलाबाईला वाटलं. चार वर्षं ती वाटच पाहत राहिली की हा माणूस कधीतरी स्वतःहून बोलेल. आणि तो काय समजत राहिला? विशाखाची शाळा, सासू, लहान मूल, धुळ्याहून यायचं म्हणजे हाल, सुट्ट्यांत जावयाच्या घरी पाहुणे. दर उन्हाळ्यात कलाबाई एकटी जाऊन चार दिवस राहून यायची आणि आल्यावर म्हणायची, बरी आहे. तोही म्हणायचा, बरं. जेवताना एवढं झालं की विषय संपे. खोटं सांगायचं तर त्याला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर त्याने माहीत करून घेतलं नव्हतं.

अभिमन गेला तो अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत क्वार्टर मिळून त्याला वर्षही झालं नव्हतं. कावीळ झाली, अंगावर काढली, मग पोटात पाणी झालं आणि अठरा दिवसांत सगळं आटोपलं. सव्वीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं. जलदान विधीला समाजमंदिरात माणूस मावेना. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मग एकेक जण उठून आदरांजली वाहू लागला. शेवटी बापाने बोलावं असं ठरलं, कारण हा बाप बोलणारा होता. गावोगावच्या जयंत्यांना त्याला बोलावणं यायचं, वंश आणि कुळ या गोष्टी माणसाने माणसाला तुडवायला काढल्या, असं तो तास तास सांगायचा आणि मुलगा-मुलगी समान हे तर त्याच्या प्रत्येक भाषणाचं शेपूट असायचं. त्या दिवशी तो उठला आणि त्याच्या तोंडून काय निघालं? पोलंड निघालं. तिकडे एक जुनी चाल होती, तो म्हणाला. घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की देवळात त्याच्या शवपेटीवर घराण्याची ढाल फोडत आणि मोठ्याने पुकारत, की झेलावा होते, आता झेलावा नाहीत. मग त्याने झोळीतून घराची पाटी काढली. सकाळीच पक्कड घेऊन त्याने ती दारावरून काढून ठेवली होती, म्हणजे ते त्या क्षणी सुचलेलंही नव्हतं, ठरवून केलेलं होतं. वर रुपचंद चिंधा बिऱ्हाडे, खाली अभिमन रुपचंद बिऱ्हाडे, पांढऱ्यावर निळ्या अक्षरांत. ती त्याने मुलाच्या फोटोपुढे टेबलावर पालथी ठेवली. "बिऱ्हाडे होते," तो म्हणाला होता. "आता बिऱ्हाडे नाहीत." बायका तर रडल्याच, पण बाप्येही तोंडावर उपरणं धरून रडले. तिसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात ते वाक्य चौकटीत आलं. मगन म्हणाला, सर, असं बोलणं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नाही. आणि रुपचंदला, मुलगा जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते तरी, आत कुठेतरी बरं वाटलं होतं. हे त्याने कुणाला सांगितलेलं नव्हतं. आता बसमध्ये ते आठवून त्याचा चेहरा तापला. त्याने कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं. गज थरथरत होता.

समाजमंदिरात पहिल्या रांगेत सतरंजीवर कोण कोण बसलं होतं, हे तो आठवू लागला. कलाबाई भिंतीला टेकून. तिच्याजवळ कॉलनीतल्या दोन-चार बायका. आणि मांडीवर पाच महिन्यांचं मूल घेऊन विशाखा. हो, होती. तिने पांढरी साडी नेसली होती आणि मुलीच्या तोंडात बोट दिलं होतं, ती रडू नये म्हणून. त्याने तिला पाहिलं होतं. बोलताना पाहिलं होतं. समोर बसलेल्या पोटच्या पोरीकडे बघत, आता आमच्यातलं कोणी उरलं नाही, असं त्याने खणखणीत आवाजात सांगितलं होतं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी पाहून त्याला वाटलं होतं की आपलं बोलणं पोचलं. पोचलं होतंच की. कधी नव्हे इतकं पोचलं होतं.

एरंडोलला बस बराच वेळ थांबली. पद्मालयाला निघालेली काही मंडळी उतरली, नारळ-फुलांच्या पिशव्या सांभाळत. ड्रायव्हर चहाला गेला. रुपचंदने वेफर्सची पुडी उगाच चाचपून पाहिली. ती दोन ठोकळे पुस्तकं त्याने त्या वेळी अगदी पिंजून काढली होती. स्तानिस्वावच्या दफनाचं अख्खं पान होतं त्यात. ढाल कुणी फोडली, हातोडा कुणी धरला, कुठले उमराव हजर होते, मेणबत्त्या किती लागल्या. दोरोता कुठे बसली होती हे नव्हतं. आपल्यालाही तेव्हा तो प्रश्न पडला नाही, याचं त्याला आता नवल वाटलं. दोरोता होती मात्र. पुस्तकाच्या शेवटी बारीक टाइपात होतं की ती दुसऱ्या घरी दिली गेली, तिकडे तिने सासऱ्याच्या हिशेबाच्या जुन्या वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर माहेरची सगळी कुळकथा लिहून काढली, यान, मार्चिन, बिशप, गंजी, पाणचक्की, सगळं. आणि आज झेलावांविषयी जे काही ठाऊक आहे ते तेवढ्यावरून. ही ओळ रुपचंदने लिहून घेतली होती. पण साठ ओळींच्या मर्यादेत काहीतरी कापावं लागणारच. त्याने ती कापली आणि मेणबत्त्या ठेवल्या. त्याच दिवसांत, लिहिण्याच्या नादात, वहीच्या शेवटच्या पानावर त्याने आपलाही वंशवृक्ष काढून पाहिला होता. झिपरू, त्याखाली चिंधा, त्याखाली रुपचंद, त्याखाली अभिमन. चार नावं आणि तीन रेघा. झिपरूच्या वर कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलंडच्या पाटलांना तेरा पिढ्या आणि आपल्याला चार, म्हणून तेव्हा वाईट वाटलं होतं. ती वही प्रत करण्यासाठी त्याने विशाखाच्याच हातात दिली होती. शेवटचं पान फाडलेलं नव्हतं.

बस पुन्हा सुरू झाली. पारोळ्याच्या अलीकडे माळ सुरू झाला आणि उघड्या रानात एक माणूस डोक्याला फडकं गुंडाळून एकटाच भरभर चालताना दिसला. त्याच्या चालीवरून रुपचंदला बाप आठवला. चिंधाही असाच चालायचा. त्याच्या आधीची तीन मुलं त्याच्या आईच्या, भागाबाईच्या मांडीवर गेली, म्हणून चौथ्याचं नाव तिने चिंधा ठेवलं, की फाटक्या चिंधीला कोण न्यायला येतं. तो जगला आणि जन्मभर मेलेल्यांसाठी चालला. गावात कुणी मेलं की पाव्हण्यारावळ्यांना सांगावा पोचवायचं काम त्यांच्या घराकडे. ऊन असो, पाऊस असो, काठी घ्यायची आणि निघायचं. बदल्यात भाकरी, तीही वरून टाकलेली. छप्पन सालानंतर चिंधाने ते काम सोडलं. पाटलाने दोनदा बोलावणं धाडलं, तरी गेला नाही. पण डोक्यात साठलेलं सोडता आलं नाही. म्हातारपणी खाटेवर पडल्या पडल्या तो गावाची घरं एकेक करून म्हणायचा, आणि लहान विशाखा त्याच्या पायाशी बसून ऐकायची. पाटलाची थोरली साकळीला, मधली किनगावला, धाकटी नदीपार चोपड्याकडे. वाण्याची एकच, ती फैजपूरला. रुपचंद तेव्हा नुकता लेक्चरर झालेला, त्याला हे टाचण काढण्यासारखं वाटलं. तो वही घेऊन बसला. "बाबा, पण मुलगे कुठे आहेत? तुम्ही तर नुसत्या मुली सांगता." चिंधाने त्याच्याकडे असं पाहिलं होतं, जसं शिकल्या पोराकडे अडाणी बाप कधीकधी पाहतो. "पोरं तं घरीच असतात," तो म्हणाला होता. "सांगा लागते ते लेकीले." रुपचंदने वही मिटली होती. वंशावळ अशी नसते, एवढं त्याला ठाऊक होतं. म्हाताऱ्याने आयुष्यभर पायांनी पाठ केलेली अख्ख्या पंचक्रोशीची वंशावळ त्याने तिथल्या तिथे सोडून दिली आणि पुढे पुण्याहून पुस्तकं मागवली. अभिमन गेला तेव्हा विशाखाला सांगायला तो स्वतः गेला नव्हता. जावयाच्या ऑफिसात फोन केला होता. हिलाल पाटबंधारे खात्यात होता, तिथे फोन होता. सोय होती.

धुळ्याला उतरून पांझरेच्या पुलावरून रिक्षा देवपुरात आली तेव्हा बारा वाजायला आले होते. विशाखाची शाळा सकाळची. दारात तिची सासू द्रौपदाबाई मिरच्या वाळत घालत होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि घाईने पदर डोक्यावर ओढला.

"या भाऊ, या. कितला दिनमा उनात. बठा." तिने खाट झटकली, पाण्याचा तांब्या आणला. "सुनबाई शाळामा गयी शे. येईच आते. बठ्ठं बरं शे ना घर?"

"बरं आहे," रुपचंद म्हणाला.

द्रौपदाबाई समोर जमिनीवर टेकली. ती साधी बाई होती, पोटात काही ठेवायची तिला सवय नव्हती. "एक सांगू का भाऊ? राग नका मानज्यात. तुमनी पोर लई गुणनी शे. पन माहेरनं नाव काढं का ती उठी जास. मी इचारं नही कधी. आपलं काय, आपन म्हातारा मानसे."

तो पाणी प्यायला. तांब्या त्याने खाटेखाली सरकवला. मग फाटक वाजलं. विशाखा आली. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताला चार वर्षांची गौतमी, तिच्या गळ्यात पाण्याची बाटली. विशाखाच्या कपाळाजवळचे केस पांढरे होऊ लागले होते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिने बापाला पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो आईविषयी. "आई बरी आहे ना?" कारण न सांगता आलेला माणूस काय सांगायला येतो, हे तिच्या आज्याने तिला शिकवलेलं होतं.

"बरी आहे. सगळे बरे आहेत. मीच आलो."

तिने श्वास सोडला. छत्री खुंटीला लावली. गौतमीला द्रौपदाबाई मिरच्यांकडे घेऊन गेली, आणि खोलीत बापलेक दोघंच राहिली. रुपचंदने रस्ताभर मनाशी बरंच जुळवलं होतं. जन्मभर बोलून पोट भरलेला माणूस, वाक्यांना तोटा नव्हता. पण चांगलं वाक्य तोंडाशी आलं की त्याला भीती वाटे. त्याने पिशवीतून पाकीट काढलं आणि सातवं पान तिच्या हातात दिलं.

तिने पान पाहिलं. पुसट पेन्सिलीवरून बोट फिरवलं.

"मी खोडायची विसरले असेन," ती म्हणाली.

"बरं झालं."

"त्रास झाला का तुम्हाला? कोशवाल्यांनी काही..."

"विशाखा, त्या दिवशी तू समोर बसली होतीस."

पंखा फिरत होता आणि टेबलावरच्या पानांची टोकं उचलत होता. तिने मुद्रितांवर पट्टी ठेवली.

"फार छान बोललात तुम्ही, नाना," ती म्हणाली. आवाज चढला नाही, कापलाही नाही. "सगळे रडत होते. मीही रडत होते, अभिमनसाठी. तुम्ही पाटी पालथी घातलीत तेव्हा माझं रडणं थांबलं. मला वाटलं, मी इथे रडतेय ती कोण म्हणून? मग शेजारच्या मावशी म्हणाल्या, रड बाई रड, तुझं माहेर संपलं. आणि मी मांडीवरच्या पोरीकडे बघितलं. मी तुमच्यावर रागावले नव्हते. नुसती उठले आणि धुळ्याला आले. परत यायचं तर कुणाच्या घरी यायचं, ते कळेना."

रुपचंदला वाटलं, आता आपल्याला रडू आलं तर बरं होईल. आलं नाही. "माझं चुकलं," तो म्हणाला. हे दोन शब्द त्याने कुठल्याच भाषणात वापरलेले नव्हते, त्यामुळे ते त्यालाच अनोळखी वाटले. "त्या दिवशीच नाही. तू प्रत करत होतीस आणि विचारलंस, तेव्हाच चुकलं. पंधरा दिवसांची मुदत दिली आहे त्यांनी. उत्तर गेलं नाही तर तसंच छापतील. तू सांग काय लिहायचं. तू सांग, मी लिहून घेतो."

"नाही," विशाखा म्हणाली.

तिने मास्तरणीच्या पर्समधून शाईचं पेन काढलं. तो समजला की ती खोडणार, निदान नीट काही लिहून देणार. ती सातव्या पानावर वाकली आणि पेन्सिलीच्या त्या दोन शब्दांवरून हळूहळू शाई फिरवली. म ची गाठ आधी भरली, मग दांडी ओढली. प्रश्नचिन्हाखालचा ठिपका जरा जोरात टेकवला. मग पान आणि पेन दोन्ही त्याच्यापुढे सरकवलं. "विचारलं मी होतं. खुलासा तुम्ही लिहा. मी चहा टाकते."

आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. रुपचंदने पेनचं टोक कागदावर ठेवलं आणि उचललं. पुरुषशाखा खंडित झाली, असं लिहिता आलं असतं. ते बरोबरही ठरलं असतं. दोरोताच्या वहीची कापलेली ओळ परत घालता आली असती, ती तर घालायलाच हवी होती. त्याने ती आधी घातली, मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरात, समासात मावेल तशी. मेणबत्त्यांवर काट मारली. निर्वंश या शब्दावर काट मारली. मग चिठ्ठीखाली खुलाशासाठी सोडलेल्या कोऱ्या जागेकडे बराच वेळ बघत राहिला आणि एक वाक्य लिहिलं. बाहेर गौतमी आजीला विचारत होती की हे बाबा कोणाचे, आणि आजी सांगत होती, तुना मायना बाप, बेटा, तुना आजला.

विशाखा चहा घेऊन आली. कप टेबलावर ठेवून तिने वाकून वाचलं. 'ढाल फोडली तेव्हा मुलगी दोरोता समोरच बसली होती.'

"हे कुठल्या पुस्तकात आहे, नाना?"

"कुठल्याच नाही."

"मग छापणार नाहीत ते."

"नाही छापणार," रुपचंद म्हणाला, आणि त्याने खाली सही केली.

विशाखाने कप त्याच्यापुढे सरकवला. मग तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली.